मोबिलिटी स्कूटरवरची १४ किलोमीटरची सहल आणि वाटेतले चार खोळंबे

चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या दोन चारचाकी स्कूटर, १४ किलोमीटरची वाट, मध्ये एक लांब चढ. चार वेळा थांबावं लागलं, पण एकदाही मोटर बिघडलेली नव्हती.

पहिला खोळंबा निघतानाच. डिकीतून उतरवलेली स्कूटर चावी फिरवूनही हलेना, दिवा मात्र लुकलुकत होता. ढकलण्यासाठी ओढलेला मागचा फ्रीव्हील लिव्हर तसाच राहिला होता. तो ड्राइव्हवर आणून चावी बंद करून पुन्हा फिरवली, की एरर जाते. चावी फिरवताना थ्रॉटल (वेग देणारी कळ) दाबलेला असला तरी स्कूटर अशीच अडते. उतारावर मात्र हा लिव्हर कधीही ओढू नका. त्यानं मोटरचा ब्रेकच सुटतो.

चढावर दुसरी स्कूटर एकदम बंद पडली, सगळे दिवे विझले. बॅटरीच्या पेटीवरचं सर्किट ब्रेकरचं, म्हणजे करंट फार वाढला की तो तोडणारं, बटण बाहेर आलं होतं. काही मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. टायरमध्ये हवा कमी असली की चढावर करंट आणखी वाढतो, म्हणून टायरवर छापलेला दाब निघण्याआधीच तपासा. सपाटीवरही बटण वारंवार उडत असेल तर ब्रेक घासतोय का, वायरचं आवरण सोलवटलंय का ते बघा.

पुढे खडबडीत वाटेवर प्रत्येक धक्क्याला करंट तुटायचा. चावी बंद करून बॅटरीची पेटी उचलली, तर कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट भुकटी धरली होती आणि पिनेची पकड सैल झाली होती. कोरड्या ब्रशनं घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. टर्मिनलचे नट आवळायचे तर आधी अंगठी-कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा.

परतीचा खोळंबा सगळ्यांत फसवा. थांबल्यावर मीटर पूर्ण भरलेला, चढ लागला की काटा लाल पट्ट्यात. आत १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या असतात. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढल्यावर काही तासांनी प्रत्येकीवर साधारण १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. पण एवढ्यावर विसंबू नका, खरी परीक्षा लोडखालीच होते. मल्टिमीटरच्या क्लिपा पक्क्या लावून, कुणाला तरी बसवून छोटा चढ चढवा. एक बॅटरी १२ च्या आसपास टिकली आणि दुसरी १०.५ च्या खाली गेली, तर ती दुसरी संपली. बदलताना मात्र दोन्ही एकाच जातीच्या, एकाच वेळी. जुनी बॅटरी नवीलाही लवकर खाते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर चार्जरचा हिरवा दिवा अर्ध्या तासात लागला, तर तीही खराब बॅटरीचीच खूण.

सोबत मल्टिमीटर, ॲलन की, टायरचा पंप आणि मूळ फ्यूजइतक्याच अँपिअरचा जादा फ्यूज घ्या. जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.