तुम्ही विचारलंत म्हणून: चॅनल कोणाचं?

"तुमचं चॅनल नक्की कोणाचं हो?" लग्नात, लोकलमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलंय. चौदा वर्षं एका वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर होते, म्हणजे बातम्यांत काय जाणार ते ठरवणाऱ्या टेबलावर. उत्तर ठरलेलं: कोणाचंच नाही, आम्ही मिनिटं मोजतो. आता नोकरी सुटली तरी तुम्ही विचारताच, तर एकदाच सांगते.

मिनिटं खरंच मोजायचो. वहीत पक्षांचे रकाने आखलेले. या पक्षाचा सत्तर सेकंदांचा बाइट (कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचा तुकडा) गेला की त्याचाही तेवढाच. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी झाल्यावर रकाने आखता आखता पान आडवं धरावं लागलं. आणि वरून फोन? माझ्या पाळीत कधीच आला नाही. (यायची गरज पडत नाही, असं आमचा एक जुना कॅमेरामन म्हणायचा. मी चिडायचे त्याच्यावर.)

१९ मे २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी मुंबईत लोकसभेचं मतदान. प्रचार आदल्या संध्याकाळीच थांबलेला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ डेस्कवर सगळ्यांना पाठ: मतदान संपण्याआधीचे ४८ तास, म्हणजे शांतता काळात, त्या मतदारसंघात निकालावर परिणाम करणारं काही टीव्हीवर दाखवायचं नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

दुपारी रिपोर्टरने पाठवलेलं चित्रण आलं. पूर्व उपनगरातली टेकडीवरची वस्ती. पायऱ्यांवर एक बाई बसलेली, पदर खोचलेला, शेजारी दोन निळे कॅन. "पाणी पहाटे चारला येतं, वीस मिनिटं. नगरसेवक दोन वर्षं नाहीच." (महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली.) "आणि हे मतं मागायला आले ते खालूनच जीप वळवून गेले." मग उमेदवाराचं नाव. चाळीस सेकंद. बोलताना मध्येच थांबून ती एका कॅनचं झाकण घट्ट करते आणि पुढे बोलते.

मी म्हटलं, समोरची बाजू घे. उमेदवाराने फोन उचलला नाही. तीनदा लावला. मी बाइट थांबवला. बाजू एकच, त्यात शांतता काळ. नाव कापून नुसतं पाणी ठेवता आलं असतं. सुचलंही होतं. नाही केलं.

सहाच्या बातम्यांत आम्ही उत्तरेतल्या एका राज्यातली सभा लाइव्ह घेतली. तिथलं मतदान पुढच्या टप्प्यात, म्हणून तिथे प्रचार चालू. बावीस मिनिटं, मुंबईतल्या घराघरांत. सभा बाहेरची, सगळीच चॅनलं दाखवत होती, कोणाला काही वावगं वाटलं नाही. त्या भाषणाला समोरची बाजू कोणी मागितली नाही. मीही नाही.

साडेसातला रिपोर्टरचा मेसेज: "ताई, ती विचारतेय कधी लागणार. शेजारच्यांना बोलावून बसलीय. काय सांगू?" मी लिहिलं, "परवा बघू." परवा टिकरवर, स्क्रीनखालच्या पट्टीवर, मतदानाची टक्केवारी धावत होती.

तेव्हाची मी आजही वाद घालते: मतदानाच्या आदल्या दिवशी, नाव घेऊन, शहानिशा न केलेला आरोप? उद्या खोटा निघाला असता तर? मुद्दा बिनतोड आहे. नावासकट तो बाइट मी आजही चालवला नसता, बहुतेक. पण मग पाणी चारला येतं की नाही हे बघायला पहाटे कॅमेरा का नाही पाठवला? माणसं कमी होती, हे खरं. सभेसाठी पुरली, हेही खरं. फोन उचलला नाही की बातमी अडते, हे उमेदवारांच्या माणसांना कोणी शिकवलं? ते कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. आमच्या वहीत होतं.

वही मी येताना घेऊन आले. त्या दिवशीच्या पानावर सगळ्या रकान्यांत शून्य आहे, खाली माझी सही. सभेची बावीस मिनिटं त्यात नाहीत. लाइव्ह आम्ही धरत नसू.