दिघा गावानंतर पहिलं रहस्य

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत माझी रोझरी, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची माळ, अगदी मापात बसायची. तिच्यात रोज पाच रहस्यं : एकेक रहस्य म्हणजे येशू आणि त्याची आई मरिया यांच्या आयुष्यातला एक प्रसंग, त्यावर चिंतन करत दहा मणी ओढायचे. ऐरोली येईपर्यंत सुरुवातीच्या प्रार्थना आणि पहिलं रहस्य. रबाळ्याला दुसरं संपायचं, घणसोलीला तिसरं, कोपरखैरण्याला चौथं, तुर्भ्याला पाचवं. सानपाडा ते वाशी पर्स आवरायची, ओळखपत्र गळ्यात अडकवायचं. कित्येक वर्षांचा हिशेब होता हा. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि माझं गणित विस्कटलं. पहिल्या रहस्याच्या ऐन मध्यावर गाडी थांबायला लागली. कुणाचा तरी कोपर लागायचा, बोटातला मणी सुटायचा आणि सहावा की सातवा, काही केल्या आठवायचं नाही.

आजीचं असंच झालं होतं. वसईच्या आमच्या वाडीत ती रोज संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून माळ म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या हिशेबात रहस्यं पंधरा : पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. एकेका रहस्याला दहा 'नमो मरिया', म्हणजे पंधरा दाहे दीडशे. बायबलातली स्तोत्रंही दीडशेच. ज्यांना ती वाचता येत नसत त्यांनी त्यांच्या जागी दीडशे वेळा 'नमो मरिया' म्हणावं, अशी ही जुनी सोय. आजीसारख्यांसाठीच केलेली म्हणा ना. त्यात ऑक्टोबर २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची आणखी पाच रहस्यं सुचवली आणि गुरुवार त्यांना दिला. आजीचा गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा. "आता या वयात नवीन पाठ करू होय?" म्हणून ती दोन दिवस घुश्शात होती. पुढे कितीतरी गुरुवारी आम्ही नवं म्हणायचो आणि ती ओठांतल्या ओठांत जुनंच.

नव्यातलं एक मात्र तिला पटलं, काना गावच्या लग्नाचं. वाडीतल्या निम्म्या लग्नांत कोठीची किल्ली तिच्याच कमरेला असायची. "द्राक्षारस संपला हे मरियेच्याच ध्यानात आलं," ती म्हणाली, "मांडवात एवढे पुरुष बसलेले, एकाला तरी दिसलं का?" त्या एका रहस्यासाठी तिने बाकीची चार चालवून घेतली.

मीही दिघा चालवून घेतलं. आता श्रद्धेची प्रार्थना, एक 'आमच्या स्वर्गातील बापा' आणि तीन 'नमो मरिया' दिघ्यापर्यंत होतात, पहिलं रहस्य दिघ्यानंतर सुरू होतं. खरं तर पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालंय, पण हे रेल्वेला कशाला सांगा.

माळ आजीचीच आहे. एकोणसाठ मणी : त्रेपन्न 'नमो मरिया'चे, सहा 'बापा'चे. तिसऱ्या रहस्याच्या दहा मण्यांतला एक कधीतरी फुटला, तिथे तिने आपल्या पोतीतला काळा मणी ओवला. बाकीच्या लाकडी मण्यांपेक्षा तो चिमुकला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं बोट रोज तिथे दचकतं. आणि तेव्हा लक्षात येतं की गेले पाच-सहा मणी तोंड म्हणत होतं आणि मी मनात विजेचं बिल भरत होते.

याची मला फार टोचणी असायची. रहस्यावर चिंतन करायचं म्हणजे डोळे मिटून तो प्रसंग समोर आणायचा, असं लहानपणी शिकवलेलं. माझ्यासमोर प्रसंगाआधी विजेचं बिल येतं. पण हल्ली वाटतं, ज्यांनी ही माळ घडवली त्यांना आपली मनं ठाऊक असणार. तोंडाला शब्द दिले, बोटांना मणी दिले आणि मनाला गाईसारखं लांब दाव्याने खुंट्याला बांधलं. चरेल तेवढं चरू दे, जाऊन जाऊन जाईल कुठे?

सोमवारी आनंदाची रहस्यं असतात. पाचवं, बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडतो ते. तो बरोबरच्या माणसांत असेल असं समजून आईबाप दिवसभराची वाट चालून गेले, मग परत फिरले आणि तिसऱ्या दिवशी तो सापडला. ठाण्याला दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर माझा मुलगा एकदा दहा मिनिटं दिसेनासा झाला होता. मला वाटलं तो बहिणीबरोबर आहे, बहिणीला वाटलं माझ्याबरोबर. सापडला तो वडापावच्या स्टॉलसमोर, निवांत. मी आधी त्याला धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं. मरियासुद्धा तिथे आधी जाबच विचारते, बाळा, आमच्याशी असा का वागलास? शास्त्री-पंडित बसलेत, त्यांच्यादेखत! चर्चमधल्या निळ्या पदराच्या शांत मूर्तीकडे बघून हा आवाज कधी ऐकू आला नव्हता. तो कोपरखैरणे आणि तुर्भ्याच्या मध्ये ऐकू आला, आणि आता दर सोमवारी येतो.

माझ्या डब्यात एक काकू असतात, ठाण्यालाच चढतात आणि खिडकी कधी सोडत नाहीत. गोमुखीत हात घालून त्यांचाही जप चालतो. परवा, गुरुवारी, त्यांनी न राहवून विचारलं, "तुमच्या माळेला मेरुमणी नाही का हो?" मी लोंबता क्रूस दाखवला आणि सांगितलं की आम्ही उलटे फिरत नाही, गोल फिरून निघालो तिथेच येतो. "आम्हाला मेरू ओलांडायचा नसतो," त्या म्हणाल्या. मग एकोणसाठ आणि एकशे आठ यांची तुलना झाली, आजीचा काळा मणी त्यांनी हातात घेऊन पाहिला, रहस्यांचे वारही विचारून घेतले. आनंदाची दोनदा, दुःखाची दोनदा, गौरवाची दोनदा, प्रकाशाची एकदाच, हे ऐकून त्यांनी मान डोलावली.

वाशीला उतरताना त्या थांबल्या. "म्हणजे उद्या शुक्रवार. उद्या कुठली?"

"दुःखाची."

"मग उद्या खिडकीत तुम्ही बसा," काकू म्हणाल्या.