दुभाष्याच्या शेजारची खुर्ची

निघायला सहा आठवडे

परदेशात मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करायला निघायचंय. बॅग नंतर भरता येईल, आज कागद. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर केलेलं बिनपगारी कामही कामच धरलं जातं. म्हणून संस्थेकडून निमंत्रणपत्र मागवायचं आणि दूतावासाला कामाचं स्वरूप खरं सांगायचं. "फिरायला आलोय म्हणा, कुणी विचारत नाही" असं सुचवणारी संस्था तिथेच सोडावी. पोलिस पडताळणीचा दाखला न मागणारी संस्था त्याहून वाईट. आपल्याला न तपासता मुलांत सोडतात, म्हणजे कुणालाही सोडत असणार.

लशींचं गणित लवकर मांडायचं. रेबीजची आधीच घ्यायची लस सात दिवसांच्या अंतराने दोनदा. कुत्रं चावलं तर पुन्हा डोस लागतातच, पण दुर्गम भागात न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, सहसा लागत नाही. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, तो शेवटच्या आठवड्यावर टाकला की विमानतळावर पंचाईत.

अनाथाश्रमाचं निमंत्रण असेल तर मात्र थांबायचं. नेपाळ आणि कंबोडियात असं दिसून आलं आहे की 'अनाथ' म्हणून ठेवलेल्या बऱ्याच मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं गावांतून आणली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. त्यापेक्षा घरी राहणाऱ्या मुलांसाठी चालणारं केंद्र, रात्रशाळा किंवा निर्वासित तरुणांचा कौशल्यवर्ग बरा.

दिवस दुसरा

दुभाष्याबरोबर बसणं हे शिकायचं काम आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. तीन खुर्च्या त्रिकोणात ठेवायच्या. दुभाषा थोडा बाजूला, मागे नाही. समोरच्या मुलीकडे बघून बोलायचं. "तिला विचारा, तिला शाळा आवडते का" असं दुभाष्याला म्हटलं की ती मुलगी त्या खोलीतली वस्तू होते. "तुला शाळा आवडते का?" असं थेट तिलाच. दोन छोटी वाक्यं, मग थांबायचं. चार वाक्यं एका दमात गेली की तिसरं हमखास गळतं.

मुलगी तीन मिनिटं बोलते आणि दुभाषा सांगतो, "ती म्हणते, हो." इथे बहुतेक जण दुभाष्यावर चिडतात. कारण साधं असतं: प्रश्न हो-नाहीचा होता आणि त्याने नेमकं त्याचंच उत्तर दिलं. "ती जे बोलली ते सगळं, तिच्याच शब्दांत" हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यायचं. दुभाषा त्याच वस्तीतला, तिच्या काकांच्या ओळखीचा असेल तर घरचं काही विचारूच नये. ती खोटं बोलेल, आणि तिचं बरोबरच असेल.

"घर का सोडलंस?" हा प्रश्न कुणालाही नाही. "आज काय शिकायचंय?" एवढ्यावर पुष्कळ बोलता येतं.

दिवस चौथा

कुणीतरी बोलेलच. मार, जबरदस्तीचं लग्न, सीमेवरचा दलाल, काहीही. "कुणाला सांगणार नाही" हे वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. "तुला सुरक्षित ठेवायला मला हे एका माणसाला सांगावं लागेल" हे आधी सांगायचं. ऐकायचं, उलटतपासणी करायची नाही. नंतर लगेच तिचे शब्द तसेच, तारीख-वेळेसह लिहायचे आणि त्याच दिवशी संस्थेच्या बालसंरक्षण जबाबदाराकडे द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची तीन पावलं इथे कामी येतात: बघा, ऐका, जोडून द्या, म्हणजे मदत करू शकणाऱ्यांपर्यंत पोहोचवा. नवे लोक तिसरं पाऊल विसरतात, कारण ऐकताना आपणच कामाचे वाटू लागतो.

बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. दार उघडं, दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात.

दिवस सहावा

फोटो. १९८९ च्या बालहक्क करारानुसार अठरा वर्षांखालचं ते मूल, म्हणून सतरा वर्षांच्या मुलाची स्वतःची संमती हवी आणि पालकाचीही. फोनमधली जागेची नोंद बंद. मागे शाळेची पाटी नको. छळातून पळालेल्या मुलीला शोधायला तेवढी पाटी पुरते.

दिवस नववा

फळ्यावर इंग्रजी मुळाक्षरं लिहिली आणि मागच्या बाकावर हसू फुटलं, तर ओळखावं की हा धडा त्यांनी आधीच्या चार-पाच स्वयंसेवकांकडून घेतलाय. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येतो, कुठवर आलंय ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो पहिल्यापासून धरतो. पोरं सभ्य असतात, काही बोलत नाहीत. उपाय म्हणजे दोनशे पानी वही. रोज चार ओळी: आज काय घेतलं, कोण आलं नव्हतं, कुठे अडलं, उद्या कुठून सुरुवात. वही केंद्रातच राहते, स्थानिक शिक्षकाच्या भाषेत किंवा त्याला वाचता येईल अशा सोप्या शब्दांत. नवा धडा आपण एकट्याने न घेता त्याच्या शेजारी उभं राहून घ्यायचा. आपण नसताना वर्ग त्यालाच चालवायचाय.

परत निघायला तीन दिवस

जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगितलेली असते, आज पुन्हा. "परत येईन" म्हणायचं नाही. स्वतःचा नंबर देत सुटायचं नाही, एकालाच गुपचूप पैसे द्यायचे नाहीत. द्यायचेच तर संस्थेकडे, पावती घेऊन. शेवटच्या दिवशी नवं काही सुरू करायचं नाही. उरलेली कात्री, खडू, टाचण्या मोजायच्या आणि वहीत शेवटची ओळ: कपाटाची किल्ली कुणाकडे आहे.