एका मुलीच्या दोन जन्मतारखा

आमच्या शाळेला लिपिक नाही. खाजगी अनुदानित प्राथमिक शाळा, पहिली ते सातवी, सोलापूरच्या पूर्व भागात. ऑनलाइन कामं माझ्याकडे आली त्याचं कारण एवढंच, की मला कीबोर्डकडे न बघता टाइप करता येतं हे एकदा स्टाफसमोर उघडं पडलं. एमएस-सीआयटी सगळ्यांनीच केलीय, वेतनवाढ अडू नये म्हणून. खरोखर शिकलेली मी एकटीच निघाले.

जुलैत एका दुपारी ग्रुपवर मेसेज आला. ‘अत्यंत महत्त्वाचे. आधार इनव्हॅलिड विद्यार्थ्यांची दुरुस्ती आज सायं. ५ पर्यंत पूर्ण करावी.’ तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते. त्या पाच वाजण्याचं आता काही वाटत नाही. पाचच्या आत सगळ्या शाळा एकदम युडायस प्लस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीच्या पोर्टलवर तुटून पडतात आणि पानावर नुसतं चक्र फिरत राहतं. रात्री दहानंतर किंवा सकाळी सहाला बसावं, पटापट उघडतं.

पण मेसेजमागचं कारण खरं होतं. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार व्हॅलिड झालेलीच मुलं मोजतात. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, तरी पोर्टलवर लाल असेल, म्हणजे आधारशी जुळलेलं नसेल, तर शिक्षकांची पदं ठरवताना ते नसल्यात जमा. आमचं एक पद काठावर होतं. कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून स्टाफरूममध्ये त्या विषयावर कुणी बोलत नव्हतं.

लाल मुलं निघाली ४१. घरी जेवणं उरकल्यावर यादी घेऊन बसले आणि पेन्सिलीने तीन खुणा केल्या. नाव जुळत नाही, जन्मतारीख जुळत नाही आणि आधारच नाही. ही वाटणी पहिल्याच दिवशी केली नसती तर मी अजून तिथेच असते, कारण तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

सगळ्यात मोठा ढीग नावांचा. पूर्व भागात राहणाऱ्याला हे सांगायला नको. कापड विणायच्या मागासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांच्या तीन-चार पिढ्या इथं झाल्या. मूल घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी लिहितं आणि आधारवर त्याचं नाव इंग्रजीत कुणीतरी ऐकून टाइप केलेलं असतं. रजिस्टरात व्यंकटेश, आधारवर वेंकटेश. रजिस्टरात नरसय्या, आधारवर नर्सय्या. लक्ष्मी तर चार प्रकारांनी सापडली, एकीत एक्स, दुसरीत के-एस-एच, तिसरीत दोन्ही. एका पोराच्या आधारवर फक्त नाव आणि आडनाव, वडील गायबच. दुसऱ्याच्या कार्डावर आडनावाच्या जागी वडिलांचं नाव.

दोन रात्री मी पोर्टलवरची मूळ नावंच बदलत बसले होते आणि ती काही बदलत नव्हती. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, युडायस प्लसमध्ये ‘आधारप्रमाणे नाव’ असा वेगळा रकाना आहे. मुलाचं शाळेतलं नाव जिथं आहे तिथं राहू द्यायचं आणि या रकान्यात आधारवरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगच्या चुकीसकट, मधल्या मोकळ्या जागेसकट उतरवायचं. फोटोवरून उतरवू नये. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो पाठवतात त्यात आय आणि एल सारखेच दिसतात. मूळ कार्ड मागवलं आणि एका दिवसात २३ मुलं हिरवी झाली. त्या आनंदात मी नवऱ्याला रात्री साडेअकराला चहा करून दिला, त्याला कारण कळलं नाही.

आणि त्याच आनंदात मी घोळ घातला.

पाचवीत एक मुलगी आहे. तिला इथं श्रावणी म्हणू. तिची जन्मतारीख रजिस्टरात १४ ऑगस्ट २०१५ आणि आधारवर १ जानेवारी २०१४. आपल्या आजोबांच्या पिढीतले निम्मे लोक मास्तरांच्या कृपेने १ जूनला जन्मले, तशी ही नवी पिढी १ जानेवारीला जन्मते. आधार काढताना कागद नसला आणि नुसतं वय किंवा साल सांगितलं, की तारीख १ जानेवारी पडते. श्रावणीचं आधार वस्तीतल्या शिबिरात काढलं होतं. वडिलांनी वय सांगितलं, तेही अंदाजानं. म्हणजे चूक कुठली हे उघड होतं. पण रात्रीचे अकरा वाजले होते, यादीत ती लाल होती आणि तारखेचा रकाना माझ्या लॉगिनला उघडत होता. मी पोर्टलवर आधारची तारीख टाकली. हिरवी झाली. पुढचं नाव घेतलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचे वडील नवोदयचा फॉर्म घेऊन आले. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. माग बंद ठेवून आलेले, शर्टाच्या खांद्यावर सुताचा कापूस तसाच. फॉर्मसोबतच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही लागते. सरांनी सवयीने जनरल रजिस्टर काढलं, मी पोर्टलवरचं पान उघडलं आणि दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या तारखा वाचल्या. २०२६ च्या प्रवेशाला १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळात जन्मलेली मुलं चालत होती. रजिस्टरातली श्रावणी बसत होती. मी केलेली श्रावणी चार महिन्यांनी मोठी होऊन बाहेर पडली होती.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “बाई, हे कधी झालं?” एवढंच विचारलं. वडिलांना वाटलं पोरीचंच काहीतरी चुकलं, ते तिच्याकडे बघायला लागले. तेव्हा मात्र मी लगेच सांगितलं, की चूक माझी आहे.

त्या रात्री आमच्या जुन्या मुख्याध्यापकांना फोन लावला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नियम तोंडपाठ. त्यांनी आधी मला झापलं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा, त्यावरून बाकीचे कागद निघतात, उलटं कधी करायचं नाही. मग क्रम सांगितला. आधी जन्मदाखला बघायचा. रजिस्टर त्याच्याशी जुळतं का ते बघायचं. जुळत असेल तर रजिस्टराला हात लावायचा नाही, आधार दुरुस्त करायचं आणि ते झाल्यावरच पोर्टल. रजिस्टरातच चूक असेल तर पालकांचा अर्ज, पुरावे आणि शिक्षण विभागाची परवानगी घेऊन दुरुस्ती होते, पण तीही मूल शाळेत आहे तोवर. दाखला घेऊन गेलं की मग फार अवघड. “आणि पांढरी शाई लावलीस तर बघ,” असंही म्हणाले. व्हाइटनर मी आयुष्यात वापरलेलं नाही, तरी हो म्हटलं.

आता जन्मदाखला. श्रावणीची आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, सिद्दीपेटकडे. दाखला तिकडचा. दुसऱ्या दिवशी ती विड्यांचा माल कारखान्यात देऊन तशीच शाळेत आली. बोटांची टोकं पिवळट, हाताला तंबाखूचा वास. प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक प्लास्टिकची पिशवी, त्यात घडी घालून घालून मऊ झालेला कागद. वर तेलुगू, खाली इंग्रजी, आणि तारखेवरच गोल शिक्का बसलेला. मला तेलुगू बोललेलं कळतं. पहिलीच्या मुलांना पहिल्या दिवशी ‘नी पेरू एंटी’ विचारल्याशिवाय ती तोंड उघडत नाहीत. (तेलुगूत पेरू म्हणजे नाव. मराठी घरातून आलेली पोरं त्यावर अजून हसतात.) पण वाचता येत नाही. शेवटी खिचडीच्या मावशींना बोलावलं. त्या लहानपणी इथल्याच तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकल्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद उजेडात धरला, लांब केला, जवळ घेतला आणि शिक्क्याखालचं एकेक अक्षर लावत वाचलं. चौदा, आठ, दोन हजार पंधरा. रजिस्टर बरोबर होतं.

“मग आधारवर असं कसं आलं की टीचर?” आईने विचारलं. मी काय सांगणार.

आधार केंद्रावर मीही गेले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, श्रावणी, तिची आई आणि मी. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर, रिक्षा जाईना. मुळात त्या दिवशी शाळेत पोरंही बोटावर मोजण्याएवढी होती, तेव्हाच कळायला हवं होतं. केंद्र बंद मिळालं. श्रावणीला मात्र रथ बघायला मिळाला, ती खूश.

सोमवारी परत. तिथं दोन गोष्टी कळल्या, त्या आधी माहीत हव्या होत्या. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. नाव दोनदा. म्हणजे घाईत चुकीचं टाइप झालं की संपलं. आपल्याकडे तोंड केलेला एक स्क्रीन असतो तिथं, बरेच जण बघतच नाहीत. मी बघितला, आणि ऑपरेटरने दिवसाच्या जागी आठ आणि महिन्याच्या जागी चौदा टाकायला घेतलं होतं. यंत्रानेच ते घेतलं नसतं म्हणा. पण १४ च्या जागी तारीख ६ असती तर निमूट घेतलं असतं.

दुसरी गोष्ट बायोमेट्रिकची. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते अपडेट करावं लागतं. श्रावणीचं राहून गेलेलं होतं. दोन्ही एकत्र करून १०० रुपये झाले. ऑक्टोबर २०२५ पासून एका वर्षासाठी ७ ते १५ वयाच्या मुलांचं बायोमेट्रिक मोफत केलं, त्यामुळे ज्यांचं राहिलंय त्यांना मी आता वर्गातून हाकलून पाठवते. श्रावणीचे ठसे पहिल्या झटक्यात आले. आईने स्वतःची बोटं बघितली आणि म्हणाली, “माझं येत नाही टीचर. रेशनला रोज भांडण.” वीस वर्षं विड्या वळून टोकं गुळगुळीत झालेली.

पावती घेतली. बारा दिवसांनी आधार दुरुस्त झालं. नवोदयच्या फॉर्मची मुदत मध्यंतरी वाढली नसती तर हे सगळं करूनही उपयोग झाला नसता, हे मान्य करते. पोर्टलवरची तारीख मात्र आता माझ्या लॉगिनला उघडेना. एकदा बदलून हिरवं झालं की पुन्हा हात लावू देत नाही. सरांचं पत्र, रजिस्टरच्या त्या पानाची खरी प्रत, जन्मदाखला, नवीन आधार असं जोडून वरच्या कार्यालयाच्या लॉगिनला विनंती केली. तीन फेऱ्या झाल्या. एकदा झेरॉक्सवर शिक्का नाही म्हणून, एकदा संबंधित रजेवर म्हणून. तिसऱ्या वेळी माझ्यासमोर दोन मिनिटांत झालं.

बाकीच्यांचं थोडक्यात. सहा मुलांच्या महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती. दवाखान्यातून नोंद गेली, बारशानंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. पंधरा वर्षांच्या आत ते घालता येतं, शाळेचं बोनाफाइड लागतं, आम्ही दिलं. चार मुलं कुंभारीला रे नगरच्या नव्या घरात राहायला गेली आणि तिकडच्या शाळेत बसायला लागली, पण आमच्या पटावर तशीच. त्यांचे दाखले देऊन पोर्टलवर ड्रॉपबॉक्सला, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकलं, तिकडच्या शाळेने पेन नंबरवरून, म्हणजे मुलाच्या पोर्टलवरच्या कायम क्रमांकावरून ओढून घेतलं. पट चारने कमी झाला तेव्हा काठावरच्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता. पण मूल एका वेळी दोन शाळांत ठेवून पद वाचवायचं, हे सर करत नाहीत.

अपार या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाचे संमतीपत्र वाटले. एका वडिलांनी सही द्यायला नकार दिला, तो नोंदवून ठेवला. संमती मागतोय म्हणजे नाही म्हणायची मुभा आलीच. याच वेळी माझं स्वतःचं आधारही काढून बघितलं. शालार्थला, म्हणजे पगाराच्या पोर्टलला सासरचं नाव, आधारवर माहेरचं. त्यावर काही बोलायचं नाही.

३० सप्टेंबरला दोन लाल उरली. एक सातवीतला मुलगा, आधार दुसऱ्याच कुणाच्या क्रमांकात अडकलंय, त्याचं प्रकरण वर गेलंय. दुसरं नाव पहिलीतलं, श्रावणीच्या धाकट्या भावाचं. तोही त्याच शिबिरातला, तीच १ जानेवारी. त्याचा जन्म मात्र इथलाच. आईला सोमवारी दाखला घेऊन बोलावलंय. सोमवारी सण नाही ना, ते या वेळी आधी कॅलेंडरात बघितलं.