कुर्लेपालनाची फाईल आणि सातबाऱ्यावरची मयत मंडळी

कुर्ले, म्हणजे खाडीतले खेकडे, पाळायचे म्हणून आम्ही बायकांनी गट काढला आणि आधी सातबाराच पाळत बसलो. ज्यांना सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत हे करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. रागही अजून पुरता गेलेला नाही.

योजना चांगली आहे, हे आधी सांगते. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना, 2017 पासूनची. गावाने कांदळवन राखायचं आणि त्याच कांदळवनात, एकही झाड न तोडता, खेकडे, कालवं, पिंजऱ्यातले मासे असं काहीतरी करायचं. गावात सहव्यवस्थापन समिती होते, तिच्याखाली गट. गटाच्या प्रकल्पाला 90 टक्के शासन देतं, 10 टक्के आपले. गावाला पटवावं लागलं नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा चिपी-कांदळाची झाडं दाट होती त्या बाजूचा बांध राहिला. जिथे कोणीतरी लाकडासाठी साफ केलं होतं तिथे खारं पाणी मळ्यात शिरलं आणि पुढच्या पावसात तिथलं भात धड रुजलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. समिती, ठराव, प्रशिक्षण, बँकेचं खातं हे सगळं सुरळीत झालं.

अडलं ते जागेत. मुंबई-ठाण्याकडे बरंचसं कांदळवन सरकारी जमिनीवर आहे. आमच्याकडे खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी, बहुतेक खासगी, तीही भावबंदांची सामायिक. आम्ही जी जागा बघितली तिला भरती-ओहोटीचं पाणी उत्तम, चिखल हवा तसा. सातबारा काढला तर नावांची ही मोठी रांग. त्यात निम्म्याहून जास्त मंडळी देवाघरी. एक नाव ‘यशोदा भ्रतार विठोबा’, म्हणजे विठोबाची बायको यशोदा. तिला बघितलेलं गावात कोणी उरलं नाही.

पहिल्यांदा कचेरीत सांगितलं, घरातल्या कर्त्या माणसाची सही चालेल. फाईल तशी केली. मग टेबलावर दुसरे साहेब आले. ते म्हणाले, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती पाहिजे, नाहीतर उद्या कोणी हरकत घेतली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मयत माणसांचं काय? तर म्हणे, नाव आहे ना उताऱ्यावर? आमच्या गटातली एक वयस्क काकी तिथेच बोलली, “गेलल्या माणसाची सही खयसून हाडू, सायबा?” साहेबांना हसू आलं. फाईल मात्र तिथेच राहिली.

मग वारस नोंदी. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. हे एका नावाचं. एका मयताचे वारसही मयत असले की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या लोकांचे मृत्यूचे दाखले मुळात नाहीतच, कारण नोंद कोणी केलीच नव्हती. आणि लेकींचं वेगळंच. उताऱ्यावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. कारकुनाने आधार हातात घेऊन, “ही ती बाई कशावरून?” असं एका बाईला तिच्याच समोर विचारलं! दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, कोणी स्टॅम्पपेपर आणायला पिटाळलं तर हे सांगा. आम्हाला पिटाळलं होतं.

हयात सह्यांसाठी एकच मोसम: गणपती. चाकरमानी नालासोपाऱ्याहून, डोंबिवलीहून तेव्हाच एकत्र सापडतात. संमतीपत्रं छापून, नावं घालून तयार ठेवा आणि आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी सही घ्या. प्रसाद झाला की माणसं पांगतात. आमचे एक काका सहीच करेनात, जमीन लाटायचा डाव आहे म्हणाले. संमतीपत्रात ‘मालकी हक्काला बाधा नाही, फक्त वापरापुरती परवानगी, अमुक वर्षांसाठी’ हे वाक्य ठळक घातलं, तेव्हा कुठे पेन हातात घेतलं. आधीच घातलेलं बरं.

सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा, त्यासाठी रजा काढू नका. फेरफाराची नोटीस लागली का ते ‘आपली चावडी’ या सरकारी वेबसाइटवर दिसतं. मी रोज रात्री जेवणं झाली की बघायचे, आणि नोटीस दिसली त्या रात्री नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

माझं स्पष्ट मत: जागा आधी बघायचीच नाही. आधी उतारे बघायचे, कमी नावांचं खाजण निवडायचं आणि मग तिथे पाणी कसं येतं ते बघायला जायचं. प्रशिक्षणात कुर्लीने कात कशी टाकली हे पडद्यावर दाखवतात, ती कात टाकताना दुसरी तिला खाते म्हणून आडोसा ठेवा हेही सांगतात. सातबाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. हे काम समितीने गट काढण्याआधी करायला हवं, गटातल्या बायकांच्या गळ्यात टाकून नव्हे.

शेवटी मंजुरी आली. कुर्ल्यांच्या कुंपणाचं जाळं लावताना खालची कड चिखलात खोल पुरा, कुर्ली बीळ काढून पळते. वरच्या कडेला गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी पाहिजे, नाहीतर चढून जाते. बांबू ओहोटीलाच रोवायचे. आणि बीज, म्हणजे कुर्ल्यांची बारीक पिल्लं, सिरकाळीच्या केंद्रातून, म्हणजे थेट तमिळनाडूतून येतं, तेव्हा जागेचा मंजूर कागद हातात पडल्याशिवाय मागणी नोंदवू नका, कोणी कितीही “होऊन जाईल वैनी” म्हणो.