दोन बोटं

"दादा, सायकल चालवून कॅन्सर बरा होते का?" मनसरजवळच्या टपरीवर खर्रा घोटणाऱ्या पोरानं जर्सीवरचं वाचून विचारलं.

म्हटलं नाही रे, पेशंटच्या उपचारासाठी पैसे जमवतोय, त्या राइडची प्रॅक्टिस, नागपूरहून रामटेक जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. त्याचे हात थांबले नाहीत, पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, घोटणं चालूच. मग हळूच म्हणाला, "माझं तोंड दोनच बोटं उघडते आता. तिखट तर बिलकुल जमत नाही."

विशीतलं पोरगं! सुपारीनंच होतं हे, आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. नागपुरात मेडिकलच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखव म्हणून दोनदा सांगितलं.

कामठी रोडभर तीच दोन बोटं डोळ्यासमोर. रविवारी परत थांबणार आहे तिथे. जाईल ना तो?