एसएमपीएस : डब्यावरचे वॉट आणि घरातली वीज (असेंबल्ड पीसी, नोंद तिसरी)

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बसलं, आता फक्त एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला हव्या त्या व्होल्टेजमध्ये देणारा डबा, राहिला. तो "फक्त" मला तीन आठवडे पुरला.

आधी कबुली. नवा एसएमपीएस यायला वेळ होता आणि मित्राकडून घेतलेलं सेकंडहँड आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड टेबलावर माझ्याकडे बघत पडलं होतं. हात शिवशिवले. जुन्या मशीनमधला "५०० वॉट" लिहिलेला एसएमपीएस काढला. त्याला कार्डासाठीची आठ पिनांची तार नव्हती, म्हणून दोन मोलेक्समधून (जुन्या डिस्कसाठीच्या चार पिनांच्या जोडण्या) आठ पिन काढणारं ॲडॉप्टर लावलं. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या जागी चारच पिन बसवले. मशीन चालू झालं, विंडोज आलं, मी खूश. गेम उघडला आणि दहाव्या मिनिटाला पडदा काळा, मशीन आपोआप रीस्टार्ट. दुसऱ्यांदा आठव्या मिनिटाला. तिसऱ्यांदा गेम चालू असतानाच रिकाम्या मोलेक्समध्ये मल्टिमीटरच्या सळ्या घातल्या. पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.२ व्होल्ट. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या प्रमाणाच्या) नियमाने १२ व्होल्टच्या तारेत पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. आपण त्या पट्ट्याच्या खाली गेलो होतो. ॲडॉप्टरच्या टोकाला हात लावला तर चटका बसला आणि प्लास्टिक तापल्याचा तो ओळखीचा वास. लगेच बटण बंद केलं.

हिशेब नंतर केला, जो आधी करायचा. कार्ड २०० वॉटचं. बोर्डाच्या स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. उरलेले सव्वाशेच्या वर तारेतून यायचे, म्हणजे दहा-अकरा अँपिअर. कार्डाच्या आठ पिनांच्या खऱ्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन तारा असतात, त्यामुळे प्रत्येकीवर ओझं थोडं. माझ्या ॲडॉप्टरला मोलेक्स दोन होते खरे, पण दोन्ही एकाच माळेत ओवलेले. सगळा भार एसएमपीएसमधून निघणाऱ्या एका पिवळ्या तारेवर. हा शहाणपणा कोणी करू नका. माझा करून झाला आहे.

मग त्या जुन्या डब्याचं लेबल नीट वाचलं. इतकी वर्षं फक्त "५००" वाचलं होतं. खाली बारीक तक्ता होता : ३.३ व्होल्ट २० अँपिअर, ५ व्होल्ट २२ अँपिअर, १२ व्होल्ट १८ अँपिअर. गुणाकार करा. ६६, ११० आणि २१६. सगळं मिळून चारशेला टेकत नाही, आणि आजच्या मशीनला ज्याची खरी गरज, ते १२ व्होल्टचे वॉट अवघे २१६. पेन्टियम ४ च्या आधी प्रोसेसरची वीज ५ व्होल्टवरून घेतली जायची, म्हणून तेव्हाच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ ला भरपूर जागा ठेवलेली असे. पुढे प्रोसेसरसाठी चार पिनांची १२ व्होल्टची वेगळी तार आली आणि सगळा भार तिकडे सरकला. स्वस्त डबे मात्र तेच जुनं गणित नव्या स्टिकरखाली विकत राहिले. कॅबिनेटसोबत "फुकट" मिळतो तो एसएमपीएस एकदा हातात घेऊन बघा, वजनावरूनच कळतं. आत तांबं नाही, हीटसिंक म्हणजे पत्र्याची पट्टी.

माझी बेरीज

रायझन ५ ७६०० वर ६५ वॉट लिहिलेले असतात, पण एएम५ वर (हा प्रोसेसर बसतो ते सॉकेट) त्याला जास्तीत जास्त ८८ वॉट घ्यायची मुभा असते. ८८ धरा. कार्ड २००. बोर्ड, दोन रॅमच्या पट्ट्या, एक एसएसडी, जुनी हार्डडिस्क आणि चार पंखे मिळून ५५-६०. झाले साडेतीनशे. पण कार्ड सरासरी २०० घेत असलं तरी क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं, त्याहून बरंच जास्त ओढतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमात तर एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलला पाहिजे असं लिहिलं आहे. त्यामुळे साडेतीनशेच्या हिशेबाला साडेतीनशेचा डबा घेत नाहीत. एनव्हिडिया या कार्डाला ६५० सांगते, त्यात कंपनीने स्वतःच्या पोटापुरती सावधगिरी धरलेली आहेच. चांगला ५५० सुद्धा चालला असता. मी ६५० ठरवला, कारण दोन वर्षांनी कार्ड बदलायची खाज येणार हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

इथल्या, जळगावच्या, गोलाणी मार्केटला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "भाऊ, ८५० घेऊन टाका ना, टेन्शनच नको." टेन्शन नसतंच, फक्त पैसे जास्त जातात. मी लेबल दाखवायला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने तीन खोके उघडले. एका ६५० वर १२ व्होल्टचे ५४ अँपिअर लिहिलेले, म्हणजे ६४८ वॉट. जवळजवळ पूर्ण क्षमता १२ व्होल्टवर देता येते. हा घ्यायचा. दुसऱ्या "६५०" वर १२ व्होल्टच्या दोन ओळी आणि खाली बारीक अक्षरात दोन्ही मिळून ४८० वॉट. तो परत खोक्यात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली तेवढीच चर्चा होते.

घरी आईचा प्रश्न तयार होता. "साडेसहाशे वॉट? मिक्सरपेक्षा जास्त? बिल किती येणार?" तिला सांगितलं ते इथेही लिहितो, कारण हा गैरसमज आपल्यातल्याही पुष्कळांचा आहे. डब्यावरचा आकडा तो किती देऊ शकतो याचा आहे, किती खातो याचा नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून आपण रोज विहीर उपसत नाही. मशीनला ३०० वॉट लागले तर ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ३३३ घेईल, ८० टक्क्यांचा ३७५. फरक ४२ वॉटचा. रोज चार तास खेळलं तर महिन्याला पाच युनिट. आईला पाच युनिट पटले. खेळण्याचे चार तास पटले नाहीत.

गोल्ड, पण कुठल्या हवेत?

८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के. व्होल्टेज किती स्थिर आहे, आतले कपॅसिटर कसले आहेत, शॉर्ट झालं तर डबा वेळेत बंद होतो का, यातलं काहीच तो शिक्का सांगत नाही. शिवाय ही चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. मी राहतो जळगावात, स्लॅबखालच्या वरच्या खोलीत. मे महिन्यात दुपारी खोलीचा थर्मामीटर ४१ दाखवतो, कॅबिनेटच्या आत काय असेल ते सोडाच.

म्हणून माझ्यासाठी गोल्डपेक्षा महत्त्वाची ओळ होती ती किती तापमानाला पूर्ण वॉट देणार याची. काही कंपन्या ४० अंशांचे वॉट छापतात, काही ५० चे. ४० वाल्याकडून ५० ला तेवढेच वॉट मिळतील असं धरू नका. खोक्यावर तापमानच लिहिलेलं नसेल तर मी ते वाईट लक्षण धरतो. माझा ५० अंशांचा आहे. पडले सात हजारांच्या आसपास. मागे पंखा कमी भाराला बंद ठेवायचं एक बटण आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते ठीक असेल, इथे मी ते पहिल्याच दिवशी बंद केलं. पंखा कायम फिरतो. खोलीतल्या कूलरच्या आवाजात तो ऐकूही येत नाही.

नव्या डब्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे, मागे लाल सरकता स्विच नाही. त्या स्विचची माझी एक जुनी आठवण आहे. भाचा सहावीत असताना त्याने "मामा, हे काय आहे?" म्हणत तो २३० वरून ११५ वर सरकवला आणि मी न बघता मेन लावला. त्या जागेला आतलं सर्किट आलेलं व्होल्टेज दुप्पट करतं. २३० चं शिखर मुळात सव्वातीनशे व्होल्ट, त्याची दुप्पट. सुतळी बॉम्बसारखा आवाज आणि खोलीभर धूर. बोर्ड वाचला होता, आमचं नशीब. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८० वर उतरतं, ते हा नवा निमूट चालवून घेतो. भिंतीतून थोडे जास्त अँपिअर ओढतो, एवढंच.

बसवताना

बोर्डाला जोडायच्या आधी हिरवी (डबा चालू करायची) आणि काळी (ग्राउंड) तार कागदाच्या पिनेने जोडून बघितली. पंखा फिरला, १२.१ व्होल्ट आले. याने डबा जिवंत आहे एवढंच कळतं, भार आल्यावर काय करेल ते नाही. तारा जोडल्या, गेम लावला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं : १२.०२. जुन्याच्या ११.२ समोर हा आकडा बघून जे वाटलं ते घरात कोणाला समजावता आलं नाही.

पण कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या! नवा एसएमपीएस खराब निघाला म्हणून मी परतीच्या तयारीत होतो. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर मंद दिवा. मल्टिमीटरने एक्स्टेन्शन बोर्डावरच्या अर्थच्या भोकात बघितलं : फेज ते अर्थ ११० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थही जवळपास तेवढेच. म्हणजे अर्थ कुठेच जोडलेला नाही, मध्येच तरंगतोय. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असला की पत्रा दोघांच्या मधोमध, निम्म्या व्होल्टेजवर राहतो. करंट अगदी किरकोळ, पण हाताला कळतो. दोष आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा होता : प्लग तीन पिनांचा आणि वायर दोन तारांची. ती मीच कधीतरी बदलली होती. वायरमनला बोलावून सोळा अँपिअरच्या सॉकेटपर्यंत वेगळी अर्थ ओढून घेतली. त्याने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणीही ओतायला लावलं. झिणझिण्या गेल्या.

मग इन्व्हर्टर. आमचा साइन वेव्हचा आहे, मागे इको आणि यूपीएस असा स्विच. गेम चालू ठेवून मेन पाडला. इकोवर मशीन लगेच रीस्टार्ट. यूपीएसवर तीनदा पाडला, तिन्ही वेळा गेम चालूच राहिला. वीज गेल्यावर एसएमपीएस पोटातल्या साठ्यावर कसाबसा १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेची एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे एक लाटही नाही. तेवढ्यात इन्व्हर्टरने हात दिला पाहिजे. ज्यांच्याकडे ६०० व्हीएचा साधा यूपीएस आहे त्यांनी दोन गोष्टी बघा. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॉटच. आणि बॅटरीवर तो पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो. अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना ती पचत नाही, मशीन तिथल्या तिथे बंद पडतं. शेजारच्या मित्राचं तसंच झालं, आणि तो महिनाभर रॅम बदलत बसला होता.

मीटरवरचा लाल दिवा

वॉट मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण प्रत्येकाच्या दारात एक लावलेलं असतं. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स लिहिलेले आहेत, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सोपं करून, मिनिटाला एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॉट. (तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ६०,००० ला त्या आकड्याने भागा.) रात्री फ्रिज, पंखे, राउटर सगळं बंद केलं, भाच्याला गेमवर बसवलं आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन जिन्यात उभा राहिलो. मिनिटाला २९! म्हणजे ५४४ वॉट. धस्स झालं. दोनदा मोजलं, तेच. मग लक्षात आलं की दिवसभर मेन पाडपाडून इन्व्हर्टरची बॅटरी उतरवली होती आणि ती आता चार्ज होत होती.

दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर बाजूला काढून मोजलं. नुसतं विंडोज उघडं असताना ५, म्हणजे मॉनिटरसकट ९४ वॉट. गेममध्ये १८, म्हणजे ३३७. एसएमपीएस निम्म्याच्या खालीच चालतोय. फ्रिज पुन्हा लावायचा राहिला आणि सकाळी दूध नासलं, तो वेगळा विषय आहे.

उरलेलं काम : प्रोसेसरची आठ पिनांची तार बोर्डाच्या मागून फिरवली तर दोन बोटं कमी पडते. भाच्याने त्याच्या मित्राच्या मॉड्युलर (तारा सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसची लांब तार आणून दिली, खटकन बसतेही. लावली नाही. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. १२ व्होल्टच्या जागी ग्राउंड आलं तर नवा बोर्ड गेला. एक्स्टेन्शनची तार मागवली आहे. ती येईपर्यंत तार समोरून, पंख्याच्या वरून नेली आहे आणि कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडंच.